फुटाला एक सूत

वीज गेली म्हणून तो आवाज सापडला.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात. मागच्या अंगाला दोन गल्ल्या सोडल्या की वडगावपर्यंत यंत्रमागच माग. सकाळी एकेक सुरू होत जातो आणि नाश्त्याच्या वेळेपर्यंत सगळा परिसर खडखडत असतो. इथं जन्मलेल्याला हा आवाज ऐकू येत नाही. तो थांबला की ऐकू येतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी गाडी सुरू करून, बॉनेट उघडून मी उभा होतो. वीज गेली. माग थांबले, पण एक काही थांबेना. टक्, टक्, टक्, टक्. कुणी जनरेटर घेतला की काय म्हणून मी चक्क मागच्या भिंतीवरून डोकावून पाहिलं. मग ध्यानात आलं की हा माग माझ्याच बॉनेटखाली चाललाय.

पाचेक मिनिटांत तो विरला. वीज आली, गल्ली पुन्हा खडखडू लागली आणि इंजिनात आवाज उरला होता की नव्हता हे सांगायची सोय राहिली नाही.

मिस्त्रींकडे गाडी नेली तोवर ती तापलेली. त्यांनी कान लावला, रेस करून पाहिली, म्हणाले, "काय नाही की वो मालक. टॅपेट वाजत असतील." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हना उचलणारे खटके. ते नव्हते. टॅपेटचा आवाज गाडी तापली म्हणून असा गुपचूप निघून जात नाही. पण मिस्त्रींशी वाद घालून कुणाची गाडी दुरुस्त झालेली मी पाहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, माग सुरू व्हायच्या आधी, मीच त्यांना स्कूटरवरून घरी घेऊन आलो. थंड गाडी सुरू केली. त्यांनी एक ओला बोळा करून मागं सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरला आणि मला म्हणाले, आता ऐका. टक्‌टक् दुप्पट झाली. धुराला मागची वाट बंद झाली की तो पुढची चोरवाट धरतो. टॉर्च मारला तर मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणाऱ्या फाटेदार नळाच्या, मधल्या फाट्यावर काजळीची एक रेघ, काडेपेटीच्या काडीएवढी.

"मधीच फुटलंय बघा," मिस्त्री म्हणाले. जणू त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

गाडी तापली की आवाज का जातो, तेही त्या रेघेतच होतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तापलं की फुगतं आणि भेगेचे ओठ मिटतात; निवलं की पुन्हा उघडतात. म्हणजे माझी गाडी रोज सकाळी पाच मिनिटं खरं बोलत होती आणि उरलेला दिवस गप्प. हिला त्याच्या आदल्या पावसाळ्यात गाडीत बसलं की डोकं धरायचं, काचा वर असताना जास्त. आम्ही ते चष्म्याच्या नंबरावर ढकललं होतं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. सकाळच्या त्या पाच मिनिटांतला धूर पेडलच्या भोकांतून आत येत असणार. नवा चष्मा करून झाला होता. त्याचे पैसे मी या कामाच्याच हिशेबात धरतो.

गाडी अँबॅसिडर, मार्क टू, १९६८ ची. अण्णांनी ती १९७१ साली निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून घेतली, तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं. १९७३ मध्ये ते कर्नाटक झालं, २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं नाव कागदोपत्री बेळगावी झालं. जुन्या कागदांवर एक नाव, विम्याच्या कागदावर दुसरं. गाडी आपली त्याच शेडमध्ये उभी. अण्णांचा साड्यांचा व्यापार. शहापुरी साड्यांचे गठ्ठे डिकीत, मागच्या सीटवर आणि कधीकधी माझ्या मांडीवर घालून ते कोल्हापूर करायचे, आंबोलीवरून सावंतवाडी करायचे. मला गाडीतल्या वासात पेट्रोलच्या आधी खळ लावलेल्या सुताचा वास आठवतो.

ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांच्यासाठी थोडंसं. अँबॅसिडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री. उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ पासून २०१४ पर्यंत ती निघत राहिली. सुरुवातीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन लवकरच गेलं आणि १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह आलं, तेच मग वर्षानुवर्षं चाललं. पिस्टनचा व्यास ७३ मिलिमीटर आणि धाव जवळजवळ ८९. व्यास कमी, धाव लांब, म्हणून हे इंजिन घाईला नकार देतं पण चढाला नाही म्हणत नाही. आमचं मूळ इंजिन १९८६ साली ब्लॉकला तडा जाऊन संपलं. अण्णांनी अपघातात चेपलेल्या एका मार्क फोरचं इंजिन घेऊन बसवलं. बसलं ते अलगद, कारण जात तीच. पुढं नव्वदच्या दशकात इसुझूचं अठराशे सीसी आलं त्याची गोष्ट निराळी. त्याचं हेडच, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकणच, वेगळं, तिथं आमच्या जुन्यातलं काही लागू पडत नाही.

या जुन्या जातीच्या हेडला एकाच बाजूला, एकाच ओळीत पाच तोंडं असतात. धुराची तीन, हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची दोन, आणि ती एकाआड एक. पहिल्या सिलिंडरला धुराचं स्वतःचं तोंड, चौथ्याला स्वतःचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात मिळून एक. एकत्र कुटुंबातल्या न्हाणीघरासारखं. साहजिकच मधलं तोंड सगळ्यांत जास्त तापतं, आणि मॅनिफोल्ड फुटायचं असलं की मधल्या फाट्याला आधी फुटतं. आमचं तिथंच फुटलं होतं.

पहिला उपाय अर्थातच वेल्डिंग. बेळगावात वेल्डरांना काय तोटा. एकानं छातीवर हात ठेवून सांगितलं, बिडाचं काम रोजचंच आहे. भेग घासली, आर्क मारला, अर्ध्या तासात नग माझ्या हातात. घरी येईपर्यंत रिक्षातच, माझ्या मांडीवर, त्यातून 'टिंग' असा आवाज आला. अगदी नाजूक, चमचा पडल्यासारखा. वेल्डची रेघ शाबूत आणि तिच्या काठाकाठानं नवी भेग, पहिलीपेक्षा लांब. त्या वेल्डरचा राग मला अजून आहे. पण खरा राग आपण घाई केली याचाच असावा.

उद्यमबागेत माझा एक शाळासोबती आहे, त्याची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. त्याला तो नग दाखवला तेव्हा त्यानं भेगेकडं पाहिलंसुद्धा नाही, नखानं मोडक्या काठाची करडी चमक पाहिली. म्हणाला, या बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. त्यामुळं ते आवाज गिळतं, उष्णता सोसतं, दाबाला मागं हटत नाही. पण ओढलं की त्याच पापुद्र्यांच्या रेघेवर फाटतं. वेल्डिंगला एका जागी वितळवून झटकन थंड केलं की तेवढाच भाग पांढरा, काचेसारखा कडक होतो. शेजारचं बीड आकसायला बघतं, हा कडक भाग जागा देत नाही. मग टिंग.

"नवीन ओतून दे," मी म्हणालो. एवढ्या फाउंड्र्यांच्या गावात राहून एका मॅनिफोल्डसाठी रडायचं म्हणजे समुद्राकाठी मिठासाठी रांग लावण्यासारखं. आणि या गावाला लोखंडाचा वारसा काय आजचा आहे? लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर. पुढं इथली जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावकर ही गोष्ट सांगताना शेवटी एक उसासा टाकतात. मीही टाकला.

मित्रावर उसाशाचा परिणाम झाला नाही. "जुनाच नग वाळूत दाबून साचा काढायचा विचार असंल तुझा?" होताच. "मग ऐक. फुटाला एक सूत."

आमच्या घरात सूत म्हणजे सूत. कापसाचं. मिस्त्री-कारागिरांच्या जगात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. वितळलेलं बीड साच्यात ओतलं आणि निवलं की ते फुटामागं एक सूत आकसतं. म्हणून पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, करणाऱ्या सुताराची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा एक सुतानं मोठा, म्हणजे आकसून बरोबर मापाला येतो. मला ही पट्टी फार आवडली. खोटं माप, पण खरं उतरण्यासाठी केलेलं. तर माझा सव्वा फुटाचा मॅनिफोल्ड जसाच्या तसा वाळूत दाबून ओतला तर नवा नग चारेक मिलिमीटर आखूड येणार. मधलं तोंड जुळवलं तर टोकाची भोकं हेडच्या स्टडवर, म्हणजे आट्यांच्या खिळ्यांवर, बसणार नाहीत. रीतसर करायचं तर लाकडी पॅटर्न, आतल्या पोकळीसाठी कोअरची पेटी, मग घासाई, भोकं, फेसिंग म्हणजे तोंडं सपाट करणं. "पाचशे नग घेणार असशील तर उद्या सुरू करतो," मित्र म्हणाला. आणि चहा मागवला.

त्याच चहावर मला माळ्यावरचं पोतं आठवलं.

१९८६ साली इंजिन बदललं तेव्हा अण्णांनी जुन्या इंजिनाचं सगळं भंगारात दिलं, एक मॅनिफोल्ड सोडून. तो पोत्यात गुंडाळून, सुतळीनं बांधून माळ्यावर. आई दर दिवाळीला साफसफाईच्या वेळी विचारायची, हे धोंड कशाला ठेवलंय? अण्णा म्हणायचे, "असू दे. ते चांगलं आहे." एवढंच. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली, पोतं उंदरांनी खाल्लं, पण धोंड तिथंच होतं. दोन्ही हातांनी उतरवलं तेव्हा अंगावर कोळ्यांची जाळी आणि गंजाची तांबडी भुकटी पडली. मी माळ्याच्या शिडीवरच बसून राहिलो. १९६८ चा मूळचा मॅनिफोल्ड! माझ्या गाडीचा असली अवयव! दोन वर्षांपूर्वी एका जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एका गृहस्थांनी माझ्या बॉनेटखाली पाहून "इंजिन मात्र नंतरचं दिसतंय" असं म्हटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरची ती सभ्य कीव मी विसरलो नव्हतो. म्हटलं, आता बघा.

मिस्त्रींना असलीपणाचं काडीचं कौतुक नाही. त्यांनी नग उलटा केला, टाचेनं दोन ठोके दिले, आवाज ऐकला. मातीचं मडकं घेताना बायका वाजवून बघतात तसा. आवाज भरीव आला. मग वायर ब्रशनं गंज काढायला लागले आणि चौथ्या सिलिंडरच्या फाट्यावर येऊन थांबले. गंजाखालून एक पिवळी रेघ निघाली. पितळ.

"कुणीतरी भरलंय की वो हे. लई सुरेख भरलंय." त्यांच्या आवाजात माझ्या असली मॅनिफोल्डबद्दल नव्हता तो आदर त्या अनोळखी कारागिराबद्दल होता. गॅसनं सगळा नग आधी भाजून घेऊन, पितळी काडीनं भेग भरून, मग राखेत पुरून रात्रभर निवू दिला असणार, असं ते म्हणाले. पितळ बिडाच्या आधी वितळतं, त्यामुळं बिडाला वितळवावंच लागत नाही. आणि राखेत नग एकसारखा, हळूहळू निवतो. "ही जोड टोकाला हाय म्हणून घेतो. मधल्या फाट्याला असती तर घेतलं नसतं. तिथं पितळ टिकणार नाही."

त्या रात्री मी अण्णांच्या रोजकीर्दी काढल्या. भेग कधी भरली ते पाहायचं होतं. अण्णा व्यापारी होते. गाडीत हवा भरली तरी कीर्दीत लिहायचे. १९७९ च्या वहीत सापडलं: 'मोटार, ग्यास वेल्डिंग, म्यानिफोल्ड, १८ रु.' मी पान मिटणार होतो. पण सवय म्हणून मागं चाळत गेलो आणि १९७४ च्या चैत्रात दुसरी ओळ दिसली. 'म्यानिफोल्ड, जुने, कोल्हापूर, ४० रु.' तिच्या वरची ओळ सुताच्या गाठींची, खालची ओळ माझ्या शाळेच्या फीची.

म्हणजे मूळचा मॅनिफोल्ड १९७४ लाच गेला होता. माझा असली अवयव कोल्हापुरातल्या कुठल्यातरी भंगारातून चाळीस रुपयांत आलेला, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा, आणि वर पितळ भरलेला. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. मेळाव्यातल्या त्या गृहस्थांना सांगायची दोन वाक्यं मी तयार करून ठेवली होती, ती फुकट गेली. 'ते चांगलं आहे' असं अण्णा म्हणायचे. 'ते मूळचं आहे' असं ते एकदाही म्हणाले नव्हते. ते माझं मीच ऐकलं होतं.

सकाळी मिस्त्रींना सांगितलं. "बरं झालं की," ते म्हणाले. "चाळीस रुपयात काय वाईट?"

मग खरं काम सुरू झालं. सपाट पोलादी पाटावर निळा रंग पातळ फासून मॅनिफोल्डची तोंडं त्यावर टेकवली. दोन टोकांना निळं लागलं, मधलं तोंड कोरडं. फीलर गेज घालून पाहिलं तर मध्ये साडेसहा दशांश मिलिमीटरची फट. इतकी वर्षं तापून आणि निवून नग धनुष्यासारखा वाकला होता. तीनही तोंडं एका पातळीत आणायला शेपरवर, म्हणजे धातू तासायच्या यंत्रावर, एक हात फिरवला, तेव्हा मधलं तोंड जेमतेम पुसलं गेलं आणि टोकांचं चांगलंच कापलं गेलं. आता काठांकडं नीट पाहिलं तर जुन्या फेसिंगच्याही खुणा होत्या. कोल्हापूरकरांनीही कधीतरी त्याला असंच सपाट केलेलं. प्रत्येक दुरुस्तीत धातू थोडाथोडा गेला होता आणि फ्लँज, म्हणजे तोंडाभोवतीची सपाट कड, पातळ झाली होती. व्हर्नियर लावला. आमच्या मार्क फोरच्या इनटेकची (मिश्रण आत नेणाऱ्या मॅनिफोल्डची) फ्लँज या जुन्या एक्झॉस्टच्या (धुराच्या मॅनिफोल्डच्या) फ्लँजपेक्षा दोन मिलिमीटरनं जाड.

दोन मिलिमीटर म्हणजे काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पण या इंजिनाची मेख इथंच आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट वेगवेगळ्या नटांवर बसत नाहीत. दोघांच्या मधल्या फटीतून हेडचा स्टड बाहेर येतो, त्यावर एक जाड रुंद वॉशर बसतो. त्याचा अर्धा भाग इनटेकच्या कानावर, अर्धा एक्झॉस्टच्या कानावर. एकच नट दोघांना दाबतो. दोन्ही कान एका उंचीचे असले तर ठीक. एक उंच असला तर वॉशर तिरका होतो, सगळा दाब उंच कानावर जातो आणि दुसरा नुसता नावाला धरलेला राहतो. नट कितीही आवळा. उलट जास्त आवळला की स्टड वाकतो नाहीतर जाड कान चिरतो. बाहेरून सगळं घट्ट दिसतं आणि आतून धूर निघतो.

सीमाभागातल्या माणसाला दोन असमान कान आणि त्यांना धरणारा एक वॉशर दिसला की त्याला काय काय सुचतं हे मी सांगायला नको. मी ते सुचू दिलं नाही. गॅरेजमध्ये उपमांना जागा कमी असते, आणि मिस्त्रींची मातृभाषा कन्नड, हिशेब मराठीत, शिव्या उर्दूत, असं असताना माझी उपमा तिथं टिकलीही नसती.

मी एक तोड सुचवली. इनटेकची फ्लँज जाड आहे ना, तीही शेपरवर दोन मिलिमीटर कापू. दोन्ही सारखी. मिस्त्रींनी हातातली कानस खाली ठेवली.

"चांगल्याला कापून झिजलेल्याच्या बरोबरीला आणायचं? उद्या हे म्यानिफोल्ड गेलं, दुसरं चांगलं मिळालं, मग? परत वॉशर तिरपा. कापायचं असंल तर नव्यानं केलेलं कापायचं, मालक. ज्याची जोडी मिळत नाही ते नाही कापायचं."

म्हणून त्यांनी वॉशर नव्यानं केले. दोन सूत जाडीची पट्टी भंगारातून आणली. तिचे तुकडे केले, मध्ये भोक पाडलं आणि प्रत्येक तुकडा अर्ध्या भागावर दोन मिलिमीटर कापला. जाड कानावर पातळ अर्धं, पातळ कानावर जाड अर्धं. पायरीचा वॉशर. सहज लेथवर होईल असं मला वाटलं होतं, पण पायरी सरळ रेघेत हवी, म्हणून शेवटचं काम शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून कानसेनं. प्रत्येक वॉशर त्याच्या त्याच्या स्टडवर लावून, खाली निळं फासून, दोन्ही बाजूंना सारखा ठसा उमटेपर्यंत. दोन दिवस लागले. मी स्टुलावर बसून पाहत होतो. पहिल्या दिवशी मी "काय करूलासा?" असं दर तासाला विचारत होतो, दुसऱ्या दिवशी विचारणं बंद केलं. मिस्त्री ठसा पाहायचे, अंगठ्यानं पुसायचे, तीन वेळा कानस ओढायचे, पुन्हा निळं. अण्णा साडीचा पोत बघायला काठ असाच दोन बोटांत धरून अंगठा फिरवायचे. गिऱ्हाईक घाईत असलं तरी.

टोकाच्या भोकांचं एक राहिलं होतं. मिस्त्रींनी दोन्ही टोकांची भोकं गोल कानसेनं लांबट केली, मधली तशीच ठेवली. हे मला मित्राच्या पट्टीमुळं झटकन कळलं, नाहीतर कळलं नसतं. गाडी जोरात चालताना धूर सातशे अंशांच्या घरात असतो. बीड पाचशेपर्यंत तापलं तर सव्वा फुटाचा नग दोन मिलिमीटर लांबतो. हेड मात्र पाण्यानं गार ठेवलेलं, शंभराच्या आतबाहेर; ते जेमतेम हलतं. म्हणजे दर वेळी गाडी चालली की मॅनिफोल्डला हेडवरून दोन मिलिमीटर सरकायचं असतं, मध्यापासून दोन्हीकडं एकेक, आणि निवला की परत यायचं. भोक तंग असलं की सरकायला वाव नाही. मग तो वाकतो, आणि वाकायला नाही म्हटलं की फुटतो. माझ्या मार्क फोरच्या मॅनिफोल्डचे टोकाचे नट कधीतरी कुणीतरी, बहुधा मीच, लांब पान्यानं जीव खाऊन आवळले होते. गळत होतं म्हणून. ते उघडताना एक स्टड नटासकट तुटून आला, तेव्हा मिस्त्री माझ्याकडं न पाहता म्हणाले, "कुणीतरी लई प्रेमानं आवळलंय."

या खेपेला नट पितळी. पितळ पोलादी स्टडला गंजून चिकटत नाही, पुढच्या माणसाला उघडता येतं. ते बेळगावात एका दुकानात होते, एका दुकानात नव्हते, तिसऱ्यानं मला अँबॅसिडर अजून चालते का विचारलं. सायलेन्सरचा पाइप थोडा तापवून वाकवावा लागला, तुटलेला स्टड काढण्यात एक दुपार गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, शिव्या सोडल्या तर. गॅस्केट नवं घातलं. नट मधून बाहेर असे, डावा-उजवा करत, तीन फेऱ्यांत आवळले, आणि तिसऱ्या फेरीत मी पान्याला हात लावायला पुढं झालो तेव्हा मिस्त्रींनी पाना माझ्या हातातून काढून घेतला.

सुरू केली तेव्हा आधी भरपूर धूर झाला. घाबरलो. पण तो मॅनिफोल्डवर लागलेल्या तेलाचा आणि हातांच्या ग्रीसचा. दहा मिनिटांत जळून गेला. मिस्त्रींनी मागं बोळा दाबला. मी पुढं कान लावला. आवाज नाही. रबरी नळीचं एक टोक कानात घालून दुसरं प्रत्येक तोंडाभोवती फिरवलं. नुसता फुसफुसाट, तोही बहुधा माझ्याच श्वासाचा. अर्धा किलो कुंदा आणला होता, तो चहाबरोबर गॅरेजमध्येच संपला. मिस्त्रींनी मजुरी सांगितली ती इतकी कमी की मी वाद घातला. उलटा वाद. शेवटी त्यांनी फुटलेला मार्क फोरचा मॅनिफोल्ड मागितला. "तुमच्या काय कामाचा? माळ्यावरच ठेवणार न्हवं?" माळ्यावरच ठेवणार होतो. दिला. पुढच्या वेळी गेलो तर तो त्यांच्या दारात, दोन फाट्यांवर सायकलचे टायर अडकवून उभा होता.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन काकतीवरून वंटमुरीच्या घाटाकडं गेलो. पाऊस नुकताच उघडला होता. ही शेजारी, काचा मुद्दाम वर. घाट उतरलो, यमकनमर्डीच्या अलीकडं वळवून परत चढायला लागलो. मागं ऊस भरलेला ट्रक, पुढं दुसरा ट्रक, तिसऱ्या गियरमध्ये इंजिन आपल्या चालीनं कुरकुर न करता चढत राहिलं. मी काच खाली करून कान बाहेर काढला. "काय ऐकताय?" हिनं विचारलं. म्हटलं, काही नाही तेच ऐकतोय. डोकं दुखतंय का, असं मी वरच्या वळणावर विचारलं. तिनं मला गाडीकडं लक्ष द्यायला सांगितलं.

मिस्त्रींनी एक काम माझ्यावर सोपवलं होतं. पहिल्या लांब चालीनंतर गॅस्केट दबतं, म्हणून रात्रभर निवू द्यायची आणि सकाळी थंड असताना नट एकदा बघायचे. छोट्या पान्यानं, मनगटानं, खांद्यानं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत शेडमध्ये गेलो. गल्ली शांत होती. मधल्या तोंडाजवळचे दोन्ही नट पाव फेरा आले. त्यांच्या बाहेरचे जेमतेम हलले. टोकाच्या नटांना पाना लावला, जरासा भार दिला आणि काढून घेतला.

बॉनेट उघडंच ठेवून गाडी सुरू केली. वाकून, श्वास रोखून पहिलं मिनिट ऐकलं, मग दुसरं. तिसऱ्याला मागच्या गल्लीत कुणीतरी पहिला माग लावला.